नकाशा, आपत्ती आणि आपला विद्यार्थी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



प्रमुख पाहुणा म्हणून दरवर्षी आपण एखादे नामवंत डॉक्टर, एखादे वकील किंवा एखादे कारखानदार यांना पाचारण करता. यंदा मजसारख्या एका नकाशे काढणाऱ्या निवृत्त नोकराला आपण हा मान दिलात, याबद्दल मी मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. निमंत्रण घेऊन आलेल्या चिटणिसांनी मला भाबडेपणाने विचारले, "आपण नेमके काय करीत होता, हे पत्रिकेत कसे छापावे?" चाळीस वर्षांत हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे. माझ्या स्वतःच्या मातोश्रींना तो अखेरपर्यंत सुटला नाही. मुलगा सरकारात आहे आणि कागदावर रेघा ओढतो, एवढेच त्या शेजाऱ्यांना सांगत. तेव्हा आज पत्रिकेतल्या त्या रिकाम्या जागेचे उत्तर देण्याचा यथाशक्ति प्रयत्न करतो.

आपण शिंप्याची लेकरे. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका लहानशा बाजारगावी दुकान चालवीत. गिऱ्हाइकाचे माप घ्यावे, खडूने कापडावर बेत आखावा आणि मग कात्री चालवावी, हा त्यांचा नित्यक्रम. कापड बेतताना ते नेहमी म्हणत, "कापड सपाट असते, पण अंग गोल असते. ज्याला हे समजले तो शिंपी, बाकीचे नुसते कापणारे." सपाट कापड गोल अंगावर बसवायचे तर कोठे चुणी घालावी लागते, कोठे कळी जोडावी लागते, कोठे उरेब कापावे लागते. पुढे मी नकाशाशास्त्र शिकू लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी सांगितले की, पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट आहे. गोलाचे सपाटावर रूपांतर करताना अंतर, क्षेत्रफळ, दिशा आणि आकार ही सर्वच्या सर्व खरी राखता येत नाहीत. काही राखावे लागते, काही सोडावे लागते. वर्गातील इतर मुले गोंधळली. मला मात्र वडिलांचे दुकान आठवले. वडिलांनी उलट्या बाजूने तोच प्रश्न सोडविला होता. आपल्या धंद्यात आणि माझ्या शास्त्रात हे असे जवळचे नाते आहे. म्हणून या सभागृहात मी स्वतःला परका समजत नाही.

आता मी या मार्गाला कसा लागलो ते थोडक्यात सांगतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. झोपेतून जागा झालो तो दुकानातील शिवणयंत्र आडवे पडल्याच्या आवाजाने. आम्ही सर्वजण अंगणात धावलो. आमच्या गावी भिंतींना तडे गेले, तेवढ्यावर निभावले. परंतु कोयनानगर आणि त्याच्या आसपासच्या गावांत पावणेदोनशेच्या घरात माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तरांनी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढला आणि कोणकोणती गावे पडली ती दाखवू लागले. वर्गातील एका मुलाचे आजोळ त्या भागात होते. त्याने गावाचे नाव सांगितले. मास्तरांनी नकाशावर पुष्कळ शोधले, पण ते नाव तेथे नव्हते. मास्तर म्हणाले, "लहान गाव असेल." तो मुलगा काही बोलला नाही, खाली बसला. त्या मुलाचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. आपले माणूस ज्या गावात राहते ते गाव नकाशातच नसावे, या गोष्टीचे दुःख काय असते ते मी त्या दिवशी पाहिले.

पुढे भूगोल घेऊन पदवी झाली, नोकरी लागली आणि १९८१ साली खात्यातर्फे मला डेहराडूनला शिक्षणास पाठविण्यात आले. १९६६ साली स्थापन झालेली आणि पुढे भारतीय सुदूर संवेदन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही संस्था हवाई छायाचित्रांचे वाचन शिकवीत असे. एकाच भूभागाची दोन ठिकाणांहून घेतलेली दोन छायाचित्रे दुभिंगाखाली शेजारी ठेवायची आणि दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहायचे. क्षणभर सारे धूसर दिसते आणि मग एकाएकी डोंगर कागदातून वर उठतात, दऱ्या खोल जातात. ते दृश्य मी प्रथम पाहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

डेहराडून हे भारतीय सर्वेक्षण विभागाचेही मुख्य ठाणे. १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. १८०२ साली विल्यम लँबटन याने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून टेकडीटेकडीवर चढवीत ही मापणी उत्तरेकडे सरकत गेली. लँबटनचा अंत १८२३ साली आपल्याच वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट येथे झाला आणि त्याची कबरही तेथेच आहे. आणि हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, हा हिशेब १८५२ साली मांडला तो राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने. शिखराला नाव मात्र एका साहेबाचे मिळाले. यंत्र खांद्यावर वाहणाऱ्या मजुरांची नावे तर कोठेच नाहीत. नकाशा पाहताना तो कोणी काढला आणि त्यात कोण राहून गेले, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय मला या इतिहासाने लावली.

१७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए हा उपग्रह अंतराळात गेला आणि आमच्या कामाचे रूपच पालटले. त्याच्या साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील साडेबहात्तर मीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनाएवढा असे. आपल्या भाषेत सांगायचे तर एका ठिपक्यात सुमारे बावन्न गुंठे जमीन मावत असे. सव्वा एकराहून अधिक क्षेत्राचा एकच रंग! त्यात पीक कळे, जंगल कळे, तलाव कळे, पण घर कळत नसे. २००७ साली कार्टोसॅट-२ गेला तोवर हाच ठिपका एक मीटरच्याही आत आला होता. एका बाजेएवढी जागा आकाशातून ओळखू येऊ लागली. एका माणसाच्या नोकरीच्या काळात एवढी प्रगती क्वचितच एखाद्या शास्त्रात झाली असेल.

परंतु बंधुभगिनींनो, शास्त्र पुढे गेले म्हणजे माणूस वाचला असे होत नाही, हे मला किल्लारीने शिकविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत धरणीकंप झाला. गणपती विसर्जनाची ती रात्र. उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरती मातीचे जड माळवद, अशी तेथील घरे. ऊन आणि चोर यांपासून रक्षण करणाऱ्या त्या भिंतींनीच आतल्यांचा घात केला. सुमारे दहा हजार माणसे गेली. मला नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन तिकडे धाडण्यात आले. आमचे नकाशे चांगले होते. नदी, ओढे, रस्ते, शिवार सारे बिनचूक. पण लष्कराचे जवान आणि स्वयंसेवक विचारीत होते ते वेगळेच. या गल्लीत किती घरे होती? या ढिगाखाली कोणाचे घर? वाट कोठून जात होती? आणि आमच्या नकाशात गावाच्या जागी फक्त एक डाग होता. शेताचा बांध न् बांध शंकू साखळीने मोजणाऱ्या आमच्या परंपरेने माणूस जेथे निजतो ते गावठाण बहुतेक ठिकाणी मोजायचेच ठेवले होते. सारा शेतीवर होता, निजण्यावर नव्हता, हे त्याचे कारण. खेड्यांतील गावठाणे ड्रोनच्या साहाय्याने घरनिहाय मोजण्याची स्वामित्व योजना सुरू व्हायला २०२० साल उजाडावे लागले.

त्या दिवशी आमच्या उपयोगी नकाशा पडला नाही. उपयोगी पडला तो पोस्टाचा एक शिपाई. तो ढिगाऱ्यावर उभा राहून बोटाने दाखवीत होता, "येथे अमुक, येथे तमुक, येथे म्हातारी एकटी राहते." त्याच्या डोक्यात सारे गाव होते. तो सांगत होता आणि मी पाकिटाच्या मागील बाजूस रेखाटत होतो. माझ्या हयातीत मी काढलेला सर्वांत उपयुक्त नकाशा तो असावा.

या प्रसंगी मला श्रीनामदेवरायांची आठवण होते आणि ती या सभेत सांगितल्यावाचून मी पुढे जाऊ शकत नाही. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा होते. परंपरा अशी सांगते की, नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातील अस्थी एकेक करून कानाशी लावल्या आणि ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या म्हणून ओळखून पंढरीस आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. आपण ही कथा कीर्तनात अनेकदा ऐकतो आणि तीतील चमत्कारापाशी थांबतो. मला तीतील नामदेवरायांचे कृत्य मोठे वाटते. भिंत पडली, मजूर मेले, तेथे गणती करायला कोणी गेले नसते. आपल्या ज्ञातीचा हा महापुरुष गेला, ढिगाऱ्यात हात घातला आणि गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला त्याच्या नावाने ओळखून काढले. आपत्तीच्या वेळी माणसाला नावानिशी शोधणे हे काम आपल्याला परके नाही. ते आपल्या घराण्यात आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना मला संकोच वाटतो. पण गौरवसमारंभात केवळ यशाच्या गोष्टी सांगितल्या तर त्या ऐकून विद्यार्थ्यांचा काहीच लाभ होत नाही. माझ्या सेवाकाळात कृष्णाकाठच्या एका तालुक्यात मोठा पूर आला. रात्री नियंत्रण कक्षात मी बसलो होतो. एका वाडीत माणसे छपरांवर अडकली आहेत असा निरोप आला. मी नकाशावर ती वाडी शोधली, बोटीवाल्यांना खूण करून दिली, बोट निघाली. त्या नावाच्या वाड्या त्या तालुक्यात दोन होत्या. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. माझ्या नकाशात एकच होती. दुसरी धाकटी, नंतर वसलेली, मजुरांची वस्ती. तिचे नाव चढवायचे राहून गेले होते आणि ते पडताळून पाहण्याचे काम माझे होते. बोट सुक्या, सुखरूप वाडीत पोचली. चूक कळून ती परत फिरेपर्यंत तीन तास गेले. सकाळी दुसऱ्या वाडीतील माणसे उतरवून घेतली, त्यांत एक वृद्ध गृहस्थ रात्रभराच्या गारठ्याने गेलेले होते.

चौकशी झाली नाही. पुराच्या धांदलीत असे तीन तास कोणी मोजत नाही. माझ्याखेरीज ते कोणास ठाऊकही नव्हते. पंधरा दिवसांनी मी त्या वस्तीवर गेलो आणि त्यांच्या मुलाला झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, आता तरी आमची वाडी कागदावर लावा." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्याच दिवशी मी ठरविले की, सेवेतून मोकळा झालो की नकाशा काढण्यापेक्षा नकाशा काढणारे तयार करावयाचे. कारण कचेरीत बसून कितीही डोळ्यांत तेल घातले, तरी आपल्या वाडीचे नाव वाडीतल्या माणसाइतके नेमके कोणीच सांगू शकत नाही.

हा प्रश्न एका वाडीचा नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळले कसे? एस.टी.च्या चालकाने रोजच्या ठिकाणी गाडी नेली, तो गाव जागेवर नव्हते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या पाड्यावर दरड कोसळली. तेथे गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना भर पावसात डोंगर चढून जावे लागले. सत्तावीस मृतदेह हाती आले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असे शासनाने नंतर सांगितले.

विद्यार्थ्यांनी यातील शास्त्र समजून घ्यावे. देशातील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने पन्नास हजारास एक या प्रमाणावर केले आहेत आणि ते मोठेच काम आहे. या प्रमाणावर जमिनीवरील एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. मग दहा मीटरचे घर म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. दीडशे मीटर लांबीची अख्खी वाडी म्हणजे तीन मिलिमीटर, बोरूच्या टोकाएवढी. त्या नकाशावरून कोणता डोंगर धोक्याचा ते कळेल, पण कोणाच्या घरामागील कडा धोक्याचा ते कळणार नाही. पावसाचेही तेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्यास तो पाऊणशे मिलिमीटरच्या आत होता. एकाच शहराची ही दोन टोके! 'मुंबईत इतका पाऊस झाला' हे वाक्य त्या दिवशी कोणत्याही आकड्याने पुरे केले तरी ते खोटेच ठरले असते. आपत्ती नेहमी एका ठिकाणी येते, सरासरीत येत नाही. म्हणून ठिकाणाचे ज्ञान हवे.

यावर कोणी म्हणेल, आता उपग्रह सारे पाहतो, मग माणूस कशाला? उपग्रहाची थोरवी मी नाकारीत नाही. साधा कॅमेरा पावसाळी ढगांपुढे आंधळा होतो, म्हणून रडारचे उपग्रह आले. ते ढगांतून पाहतात, रात्रीही पाहतात. माळीणच्या दुर्घटनेला बरोबर अकरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, भारत आणि अमेरिका यांनी मिळून बनविलेला निसार हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जाऊन जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली तरी ती टिपण्याची त्याची योजना आहे. परंतु सरकलेल्या जमिनीवर कोण राहते, त्यांत चालता न येणारे कोण, बाळंतीण कोण, आणि पळायचे तर वाट कोणती, हे रडार सांगत नाही. आकाशातून छप्पर दिसते, छपराखालचे नाव दिसत नाही.

या दोहोंची सांगड घालण्याची एक चांगली रीत जगात रूढ झाली आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, कोणासही मोफत वापरता येईल आणि कोणासही भर घालता येईल असा नकाशा सुरू झाला. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा त्याच्या राजधानीचा तपशीलवार नकाशा बचाव पथकांपाशी नव्हता. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि इमारती रेखाटून तो पुरविला. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप होऊन सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा हेच झाले. मात्र तेथे एक विशेष होता. काठमांडूतील तरुणांनी भूकंपाच्या आधीपासूनच शाळा, दवाखाने व रस्ते नकाशात भरण्यास आरंभ केला होता. आयत्या वेळी परदेशातील हजारो हातांना दिशा दाखविली ती या स्थानिक मुलांनी. त्याच वर्षी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना या कार्यात गुंफणारी यूथमॅपर्स ही संघटनाही उभी राहिली. बाहेरच्या स्वयंसेवकांनी रेघ ओढावी आणि गावच्या मुलांनी नाव घालावे, अशी ही श्रमविभागणी आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर कापणारा एक आणि शिवणारा दुसरा, पण अंगरखा एकच.

सेवानिवृत्तीनंतर मी हाच उद्योग सह्याद्रीच्या कुशीतील काही माध्यमिक शाळांत चालविला आहे. साहित्य फार नाही. मीटर-मीटरवर गाठी मारलेली सुतळी, होकायंत्र, कागद, पेन्सिल, आणि गुरुजींपाशी असेल तर मोबाइल. पहिल्या दिवशी मुले स्वतःचे पाऊल मोजतात. शंभर पावले म्हणजे किती मीटर, हे प्रत्येकाचे निराळे निघते आणि मापात माणूस मिसळलेला असतो हा पहिला धडा त्यांना मिळतो. मग शाळेपासून घरापर्यंतची वाट, ओढा, साकव, विहीर, उंचवटा आणि घरे. प्रत्येक घरावर खुणा करावयाच्या: येथे वृद्ध आहेत, येथे तान्हे मूल आहे, येथे चालता न येणारे कोणी आहे. या खुणांचा कागद ग्रामपंचायतीत आणि शाळेत राहतो. तो जगासमोर मांडावयाचा नसतो, कारण एकट्या म्हातारीचे घर कोणते हे साऱ्या जगाला कळणे तिच्या हिताचे नाही. काय लिहावे याइतकेच काय लिहू नये हेही नकाशा काढणाऱ्यास समजले पाहिजे.

एका शाळेत नववीतील एका मुलीने आपल्या वाडीच्या नकाशावर घरांच्या मागे डोंगराच्या उतारावर निळा ठिपका काढला आणि शेजारी लिहिले, "येथे पाणी येते. गेल्या वर्षी येत नव्हते." मी तिला विचारले, पाणी कसे आहे? म्हणाली, "गढूळ." उतारावर नवा झरा फुटणे, पाणी गढूळ होणे, जमिनीला भेग जाणे, झाडे कलणे, दारे चौकटीत अडकू लागणे, ही डोंगर आतून सैल होत असल्याची लक्षणे असू शकतात. आम्ही तलाठ्यांना गाठले, वर कळविले. जाणकार येऊन पाहून गेले आणि त्या पावसाळ्यातील जोराच्या पावसाचे दहा दिवस खालची सात कुटुंबे शाळेच्या खोल्यांत राहिली.

आणि मग काय झाले? काहीच झाले नाही. डोंगर जागचा हलला नाही. माणसे घरी परतली, त्यांत काहींची कोंबडी चोरीस गेली होती, काहींची मजुरी बुडाली होती. त्या मुलीला वाडीत बोलणी खावी लागली. ती रडत माझ्याकडे आली. मी तिला म्हणालो, "बाळ, आपल्या कामात यश आले तर ते असेच दिसते. आपण सांगितल्यावर काही घडले नाही तर लोक हसतात, आणि आपण न सांगता घडले तर हसायला कोणी उरत नाही." पुढच्या पावसाळ्यात उतारावरचे पाणी पुन्हा गढूळ झाले तेव्हा त्यांतील पाच कुटुंबे कोणी न सांगता स्वतःच शाळेत आली. दोन आली नाहीत. माझ्या मते पाच हा आकडा लहान नाही, आणि दोन हा आकडा मला झोप येऊ देत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, उपजीविकेची चिंता तुम्हाला आणि तुमच्या पालकांना असणार, आणि ती रास्तच आहे. या क्षेत्रात भूगोल, भूशास्त्र, गणित, संगणक, स्थापत्य यांपैकी कोणत्याही दारातून येता येते. फेब्रुवारी २०२१ पासून देशात नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यावरील जुने निर्बंध मोठ्या प्रमाणात उठले आणि पुढील वर्षी राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आले. त्यामुळे जे काम पूर्वी मुख्यतः सरकारी खात्यांत होते ते आता नगररचना, शेती, पाणीपुरवठा, विमा, वाहतूक अशा अनेक ठिकाणी आहे. क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. डेहराडूनची संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे वर्गही चालविते. तेव्हा गरिबी ही अडचण असली तरी ती आता भिंत राहिलेली नाही. मात्र या धंद्यात टाळ्या कमी आणि चिखल पुष्कळ, हे आधीच सांगून ठेवतो.

आता समाजाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या मंडळातर्फे कुटुंबसूची तयार करण्यासाठी स्वयंसेवक गावोगाव जातात. आपली घरे मोजतात, नावे लिहितात, वधूवरांची माहिती घेतात आणि परततात. हे कार्य स्तुत्य आहे. परंतु एखाद्या गावी आपली चार घरे असतात आणि त्या चार घरांपाशी आपली गणती संपते. माझे म्हणणे असे की, या स्वयंसेवकांनी प्रत्येक गावी एक दिवस अधिक राहावे आणि शाळेतील मुलांना घेऊन सबंध गावाचा नकाशा करावा. वेशीच्या आतला आणि बाहेरचाही. पूर ज्ञात पाहून येत नाही असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. ओढ्याच्या काठी, उताराच्या पायथ्याशी, गावाच्या सखल अंगाला कोणाची वस्ती असावी हे पुराने ठरविले नाही, ते आपण सर्वांनी पिढ्यान् पिढ्या ठरविले. म्हणून पाणी आधी त्यांच्या घरात शिरते, आणि नकाशात त्यांचे नाव शेवटी येते. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. तथापि मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यापाशी गेलेल्या नामदेवरायांनी आपली चार घरे मोजली नव्हती, एवढे लक्षात आणून देतो आणि निर्णय आपल्या विवेकावर सोपवितो.

या कार्याला बळ यावे म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातून एक अल्प रक्कम मी मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीस आज अर्पण करीत आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस साह्य व्हावे. अट एकच. त्याने आपल्या गावाचा पूर्ण नकाशा करून मंडळास सादर करावा. गुणपत्रिका मागू नये. विद्यार्थी आपल्याच समाजाचा असावा, हीही अट मी घातलेली नाही. मंडळ ती घालणार नाही असा मला भरवसा आहे.

माझे वडील सांगत, "उसवलेले दिसते ते लगेच शिवावे, नाही तर फाटत जाते." शाळेच्या भिंतीवरील नकाशात आजोळ न सापडलेला तो मुलगा, आणि "आमची वाडी कागदावर लावा" म्हणणारा तो तरुण, ही माझ्या आयुष्यातील दोन उसवलेली ठिकाणे आहेत. दुसरी शिवण मी घातली. ती वाडी आता कागदावर आहे. पहिल्या मुलाच्या आजोळाचे नाव मला आठवत नाही. दहा वर्षांच्या पोराने ते लिहून ठेवले नव्हते. ते काम मी तुमच्यापैकी कोणातरी एकावर सोपवितो. तो डोंगर अजून तेथेच आहे, त्याच्या अंगावर अजून वाड्या आहेत, आणि त्यांतील काही अजून कागदावर लागावयाच्या आहेत.